खुराक जातो कुठे?

संकलन केंद्रावर फॅटचा आकडा साडेतीनच्या खाली आला की पहिला संशय पेंडीवर जातो. मग पेंड बदलली जाते, सरकी वाढवली जाते, कोणी गायीला तेल पाजायला सांगते, कोणी दुकानातून फॅट वाढवणारी पावडर आणते. दूध कमी झाले तर खुराक वाढवायचा आणि फॅट कमी झाली तर खुराकातला तेलाचा अंश वाढवायचा, हा हिशेब इतका सरळ वाटतो की त्यावर शंका घ्यावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दुग्धशरीरशास्त्राने मात्र गेल्या पन्नास वर्षांत या हिशेबाचा पायाच काढून घेतला आहे. गायीने खाल्लेल्यातले किती दुधाला जाईल, किती तिच्या अंगाला लागेल, किती पोटातल्या वासराच्या वाट्याला येईल, आणि दुधात कोणता घटक किती उतरेल, हे दावणीत ठरत नाही. ते तिच्या शरीरात ठरते. चारा कच्चा माल तर पुरवतोच, पण त्या मालाचे काय करायचे याच्या सूचनाही त्याच चाऱ्यातून शरीराला जातात, आणि त्या सूचना कधीकधी आपल्या अपेक्षेच्या अगदी उलट असतात. म्हणून गोठ्यातला खरा प्रश्न ‘किती घातले’ हा नसून ‘घातलेल्याची वाटणी कशी झाली’ हा आहे. हे पटवून घ्यायचे तर एका शास्त्रज्ञाच्या कामाचा माग काढणे सोयीचे आहे.

ते शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाचे डेल बाउमन. त्यांची सुरुवात इलिनॉय विद्यापीठात झाली. १९७०मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदीर, डुकरीण आणि गाय या तिघींच्या दुग्धग्रंथींत चरबी कशापासून तयार होते याची तुलना प्रसिद्ध केली. उंदराची ग्रंथी त्यासाठी ग्लुकोज सहज वापरते. गायीची कास मात्र त्यासाठी ग्लुकोजला हात लावत नाही, ती अॅसिटेटपासून चरबी बनवते. या फरकाचे मूळ गायीच्या पोटात आहे. तिच्या पोटाचा सर्वांत मोठा कप्पा, म्हणजे कोठीपोट, शंभर लिटरहून मोठा असतो आणि त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राबत असतात. आपण कडबा घालतो, मुरघास घालतो, भरडा घालतो, पण गाय त्यातले फार थोडे जसेच्या तसे पचवते. आधी सूक्ष्मजीव ते आंबवतात आणि त्यातून प्रामुख्याने तीन आम्ले तयार होतात: अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. चाऱ्यातल्या तंतूंपासून अॅसिटेट जास्त निघते, धान्यातल्या पिठूळ भागापासून प्रोपिओनेट जास्त. तयार ग्लुकोज आतड्यातून रक्तात जवळजवळ येतच नाही. म्हणजे दिवसभर खाणारे हे जनावर साखरेच्या बाबतीत कायम तुटीत असते. तिला लागणारे ग्लुकोज तिचे यकृत मुख्यतः प्रोपिओनेटपासून घडवते. अशी कष्टाने बनवलेली वस्तू चरबी तयार करण्यात उधळणे गायीला परवडणारे नाही, आणि तिची कास ते करतही नाही.

ग्लुकोज इतके जपून ठेवायचे ते कशासाठी, याचे उत्तर दुधाच्या पातेल्यातच आहे. दुधात सुमारे पावणेपाच टक्के लॅक्टोज असते आणि ते केवळ ग्लुकोजपासूनच बनते. कासेच्या पेशीत लॅक्टोज तयार झाले की त्याच्या ओढीने पाणी आत येते. त्यामुळे दूध किती लिटर निघणार हे बऱ्याच अंशी लॅक्टोज किती बनले यावर ठरते. एक किलो दुधासाठी साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे दिवसाला वीस लिटर देणाऱ्या गायीच्या यकृताला केवळ दुधासाठी सुमारे १.४ किलो ग्लुकोज घडवावे लागते, तेही रोज. मक्याचा भरडा वाढवला की दूध वाढते या अनुभवामागे हेच कारण आहे: धान्य म्हणजे प्रोपिओनेट, प्रोपिओनेट म्हणजे ग्लुकोज, ग्लुकोज म्हणजे लॅक्टोज. इथपर्यंत ‘जास्त घाला, जास्त घ्या’ हा नियम खरा ठरल्यासारखा वाटतो. पण तोच भरडा अंगात फारसे दूध नसलेल्या गायीला घातला तर ती दूध न वाढवता लठ्ठ होते. खुराक तोच, कोठीपोटातली रसायने तीच, आणि तरी एकीच्या बाबतीत तो कासेकडे गेला, दुसरीच्या बाबतीत पाठीवर चढला. दोघींतला हा फरक पचनाने उलगडत नाही.

तो उलगडण्याचा प्रयत्न बाउमन आणि कॉर्नेलमधले त्यांचे सहकारी ब्रूस करी यांनी १९८०मध्ये ‘जर्नल ऑफ डेअरी सायन्स’मधल्या एका दीर्घ लेखात केला. त्याआधी शरीरशास्त्राचा भर समतोलावर होता: रक्तातली साखर घसरली की वर आणायची, तापमान चढले की खाली आणायचे. बाउमन आणि करी म्हणाले की एवढ्याने गाभण किंवा दुभत्या जनावराचा उलगडा होत नाही. जनावर गाभण राहते किंवा विते तेव्हा शरीर समतोल राखता राखता आपला प्राधान्यक्रमच बदलते. घरात लग्न निघाले की पगार तेवढाच राहतो, पण खर्चाची रांग बदलते, तसे हे आहे. या बदलाला त्यांनी होमिओऱ्हेसिस म्हटले. व्यायलेल्या गायीत हे अगदी ठसठशीत दिसते. बाउमन यांचे कॉर्नेलमधले सहकारी अॅलन बेल यांच्या हिशेबानुसार, विण्याच्या थोडे आधी गर्भाशयाला जेवढे ग्लुकोज लागते त्याच्या सुमारे २.७ पट ग्लुकोज विल्यानंतर चौथ्या दिवशी कासेला लागते. आणि नेमकी त्या दिवसांत गायीची भूक मंद असते. दुधाचा कळस साधारण दीड-दोन महिन्यांत येतो, खाण्याचा कळस त्यानंतर काही आठवड्यांनी. ही मधली तूट भरून काढण्यासाठी शरीर स्नायू आणि चरबीच्या पेशींना इन्सुलिनचे ऐकेनासे करते. त्यांचा ग्लुकोजचा वाटा कमी होतो आणि अंगावरची चरबी वितळून रक्तात येते. कासेला मात्र ग्लुकोज उचलण्यासाठी इन्सुलिनची गरज फारशी नसते, त्यामुळे तिचा वाटा अबाधित राहतो. दुभत्या गायीची माकडहाडे दिसू लागतात ती सगळीच उपासमारीने नव्हे; त्यात शरीराने ठरवून केलेली वाटणीही असते.

नुसती कल्पना मांडून शास्त्र पुढे सरकत नाही. वाटणी ठरवणारा हात बदलला तर दूध बदलते का, हे दाखवावे लागते. त्यासाठी एक जुना धागा हाताशी होता. १९३७मध्ये असिमोव्ह आणि क्रूझ या सोव्हिएत संशोधकांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क गायींना टोचून दूध वाढते असे नोंदवले होते. त्यातला प्रभावी घटक म्हणजे वाढीचे संप्रेरक, सोमॅटोट्रोपिन. पण कत्तलखान्यातून मिळणाऱ्या ग्रंथींतून ते चिमूटभरच निघायचे. जनुकीय तंत्राने ते जिवाणूंकरवी बनवता येऊ लागल्यावर, १९८०च्या दशकात, बाउमन यांच्या गटाला मोठे प्रयोग करता आले. १९८५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज सुमारे २८ किलो दूध देणाऱ्या गायींना १८८ दिवस वेगवेगळ्या मात्रेत हे संप्रेरक दिले, तेव्हा फॅटच्या प्रमाणानुसार मोजलेले दूध २३ ते ४१ टक्क्यांनी वाढले. या प्रयोगांतली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे घटनांचा क्रम. दूध आधी वाढले, खाणे त्यामागून काही आठवड्यांनी वाढले. चाऱ्याची पचनीयता वाढली नव्हती. यकृत अधिक ग्लुकोज बनवू लागले, चरबीच्या पेशींनी साठा करणे कमी केले, आणि तेच खाद्य कासेकडे अधिक वळले. आपण समजतो की गाय जास्त खाते म्हणून जास्त दूध देते. इथे कार्यकारणाची दिशा उलटी निघाली: दुधाचा वाटा वाढला म्हणून भूक वाढली.

वाटणीचा प्रश्न लिटरांपुरता असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण बाउमन यांच्या कामाचा दुसरा, आणि आपल्या दृष्टीने अधिक उपयोगाचा भाग फॅटविषयी आहे. काही प्रकारच्या खाद्यावर गायीच्या दुधातली चरबी एकाएकी घसरते, प्रसंगी निम्म्यावर येते, आणि दूध, प्रथिने, लॅक्टोज मात्र जवळपास होते तेवढेच राहतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो यांनी असे निरीक्षण १८४५मध्येच नोंदवले होते. पुढे दोन प्रकारची खाद्ये यासाठी कुप्रसिद्ध झाली: एक, धान्य भरपूर आणि जाडाभरडा चारा कमी, दोन, माशांचे किंवा वनस्पतीचे तेल जास्त. स्पष्टीकरणे अनेक आली. तंतू कमी म्हणून अॅसिटेट कमी, म्हणून चरबी कमी, असे एक मत होते. ते पटण्याजोगे होते, पण मोजमाप केल्यावर दिसले की अशा गायींत अॅसिटेट तयार होण्याचे प्रमाण फारसे घटत नाही. धान्यामुळे प्रोपिओनेट वाढते, त्याने इन्सुलिन वाढते आणि ते चरबी कासेऐवजी अंगाकडे वळवते, असे दुसरे मत होते. कॉर्नेलमध्ये गायींना चार दिवस सतत इन्सुलिन दिले आणि साखर घसरू नये म्हणून सोबत ग्लुकोजही दिले. दुसरे मत खरे असते तर फॅट कोसळायला हवी होती. ती किरकोळच हलली. उलट दुधातली प्रथिने वाढली. आणि मुळात दोन्ही मते तेलाच्या बाबतीत निरुत्तर होत होती. तेल म्हणजे तर चरबीच. ती घातल्यावर दुधातली चरबी कमी का व्हावी?

उत्तराचा सुगावा कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांकडे गेला. सरकी, सोयाबीन, मका यांच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असते आणि असे असंतृप्त आम्ल सूक्ष्मजीवांना मारक असते. म्हणून ते त्यावर हायड्रोजन चढवून त्याला टप्प्याटप्प्याने निरुपद्रवी, घट्ट चरबीत बदलतात. नेहमीच्या वाटेने हे होते तेव्हा मधल्या टप्प्यावर एक विशिष्ट संयुग्मित लिनोलिक आम्ल (सीएलए) तयार होते. तुपात नैसर्गिकपणे असते तेच. पण कोठीपोटातली आम्लता वाढली, तंतू कमी पडले, तेलाचा लोंढा आला की सूक्ष्मजीवांची वस्ती बदलते आणि काम दुसऱ्याच वाटेने होऊ लागते. मग तयार होते त्याचेच भावंड, ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए. रेणूतले अणू तेवढेच. फरक केवळ दुहेरी बंध कुठे आहेत आणि कोणत्या बाजूला वळले आहेत एवढाच. तेव्हा विद्यार्थी असलेले लान्स बाउमगार्ड यांच्यासह बाउमन यांनी या दोन भावंडांची परीक्षा घेतली. प्रयोगाची रचना निर्णायक होती. आम्ल तोंडावाटे दिले असते तर कोठीपोटात त्याचे रूप बदलले असते. म्हणून ते नळीने कोठीपोट ओलांडून थेट पुढच्या जठरात सोडले. दिवसाला दहा ग्रॅम, असे चार दिवस. तुपातल्या नेहमीच्या आम्लाने काही झाले नाही. ट्रान्स-१०, सिस-१२ने दुधातल्या चरबीचे प्रमाण ४२ टक्क्यांनी खाली आणले. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पुढच्या प्रयोगात तर साडेतीन ग्रॅमनेही चरबी चौथाईने घटली. दिवसाला वीसएक किलो कोरडे खाद्य खाणाऱ्या जनावरात चमचाभराहून कमी पदार्थ एवढी उलथापालथ करतो, ते कच्चा माल म्हणून नव्हे. तो रक्तातून कासेत पोचतो आणि चरबी बनवणाऱ्या जनुकांचे काम मंदावतो. या गटाने पुढे असेही दाखवले की फॅट अशी घटते त्या काळात अंगावरच्या चरबीच्या पेशींत साठवणुकीची जनुके अधिक कामाला लागतात. म्हणजे पुन्हा वाटणीच. यावेळी वाटणी बदलण्याची सूचना चाऱ्यातून आली होती, इतकेच.

आता सुरुवातीच्या उपायांकडे पाहा. फॅट घसरलेल्या गायीला तेल पाजणे म्हणजे ज्या मालातून ते ट्रान्स-१०, सिस-१२ आम्ल तयार होते तोच माल आणखी पुरवणे. भरडा वाढवणे म्हणजे तो चुकीच्या वाटेने जाईल अशी आम्लता कोठीपोटात निर्माण करणे. पश्चिम महाराष्ट्रातल्या होल्स्टिन संकरित गायींच्या गोठ्यांत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात: पिठासारखा बारीक भरडा, तेलाचा अंश राहिलेली पेंड किंवा राइस पॉलिश, आणि कुट्टी यंत्रातून इतका बारीक निघालेला चारा की तो चघळायला गायीला काही उरत नाही. चघळणे आणि रवंथ यातूनच लाळ सुटते आणि लाळेतला सोडाच कोठीपोटातली आम्लता आवरतो. लग्नसमारंभातला उरलेला भात आणि पोळ्या जनावरांपुढे टाकल्यावर होणारा जीवघेणा आम्लविषार हे याच प्रक्रियेचे टोकाचे रूप. म्हणून फॅट घसरली तर आधी जाड, लांब कडबा, खुराक एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून, आणि तेलकट घटकांना कात्री, हा क्रम शास्त्राला धरून आहे. परिणाम मात्र दुसऱ्या दिवशी दिसत नाही. सूक्ष्मजीवांची वस्ती मूळपदावर यायला दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता दर चार दिवसांनी पेंड बदलणारा गोठा त्या वस्तीला स्थिर होऊच देत नाही. आणि ताज्या व्यायलेल्या गायीची फॅट साडेचार-पाच लागली तर पेढे वाटण्याची घाई करू नये. ती चरबी बहुतेक वेळा तिच्या अंगावरून वितळून आलेली असते. फॅट प्रथिनांच्या दीडपटीहून वर गेली तर किटोसिसची, म्हणजे अंगावरची चरबी अति वितळण्याशी निगडित विकाराची, शंका घ्यावी असा पशुवैद्यकातला आडाखा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे दिवसाला तीस-चाळीस लिटर देणाऱ्या, थंड हवेतल्या अमेरिकन गायींचे शास्त्र आहे, आमच्या आठ-दहा लिटरच्या गायीला त्याचे काय? आक्षेपात तथ्य आहे. ज्या गायीला पोटभर चाराच मिळत नाही तिच्या बाबतीत वाटणीच्या आधी पुरवठ्याचा प्रश्न येतो. दुष्काळी तालुक्यात उसाच्या वाढ्यांवर उन्हाळा काढणाऱ्या जनावराला आधी चारा हवा. पण कोठीपोटातल्या जिवाणूंना देश नसतो, आणि हवामानाचा मुद्दा तर उलट वाटणीच्या बाजूनेच साक्ष देतो. बाउमगार्ड पुढे अॅरिझोना विद्यापीठात गेले आणि त्यांच्या गटाने उष्णतेचा प्रश्न हाती घेतला. उन्हाळ्यात गाय कमी खाते म्हणून कमी दूध देते, असे सर्वसाधारण मत होते. त्यांनी काही गायी उष्ण खोलीत ठेवल्या आणि दुसऱ्या काही थंड खोलीत ठेवून त्यांना फक्त पहिल्या गायी खात होत्या तेवढेच खाद्य दिले. २००९च्या त्यांच्या निष्कर्षानुसार उष्णतेने घटलेल्या दुधापैकी सुमारे एक तृतीयांश घटच कमी खाण्याने समजावून देता येत होती. उरलेली घट शरीराच्या बदललेल्या कारभारामुळे होती. कमी खाणारी थंड हवेतली गाय अंगावरची चरबी वितळवून दूध टिकवते. तापलेली गाय ते करत नाही, तिचे इन्सुलिन चढे राहते आणि ग्लुकोज कासेऐवजी इतरत्र खर्ची पडते. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या गोठ्याला याहून थेट लागू पडणारे संशोधन कोणते असेल? त्याचा अर्थ सरळ आहे: सावली, पाणी आणि वारा यांवरचा खर्च आधी, जादा पेंडीचा नंतर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाटणी कशी होते हे कळले की ती ओढून आपल्याकडे वळवण्याचा मोह होतो, आणि त्याची किंमत गाय मोजते. सोमॅटोट्रोपिनच्या बाबतीत हेच घडले असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. अमेरिकेने नोव्हेंबर १९९३मध्ये त्याला परवानगी दिली. कॅनडाने १९९९मध्ये नाकारली, आणि त्यासाठी नेमलेल्या पशुवैद्यकांच्या समितीने उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित विचार करून कासदाहाचा धोका सुमारे चौथाईने आणि लंगडेपणाचा सुमारे निम्म्याने वाढतो असे सांगितले. युरोपीय संघानेही त्यावर बंदी घातली. शिवाय बाउमन यांच्या काही लेखनात हे संप्रेरक विकणाऱ्या कंपनीचा कर्मचारी सहलेखक होता, हेही विसरून चालणार नाही. दूध वाढले की कासदाह काही अंशी वाढतोच, मग ते कोणत्याही कारणाने वाढो, असा या संप्रेरकाच्या समर्थकांचा प्रतिवाद होता. तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही, पण त्याने गायीचे दुखणेही कमी होत नाही. माझ्या मते इथे ज्ञान आणि माल यांची फारकत करायला हवी. संप्रेरकाची कुपी नाकारणे हा योग्य सामाजिक निर्णय असू शकतो. पण ती कुपी ज्या समजुतीतून आली त्याच समजुतीतून विण्याच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन आठवडे जपण्याची पद्धत भक्कम झाली, आणि भाकड काळात गाय लठ्ठ होऊ न देण्याचा सल्ला शास्त्रशुद्ध झाला, तो गायीच्या हिताचाच आहे. वाटणी न समजताही गायीला ओरबाडता येते. आपल्या अनेक गोठ्यांत ते संप्रेरकाशिवाय, नुसत्या अज्ञानाने चालते.

तिसरा मुद्दा कार्यक्षमतेच्या मोठ्या दाव्याचा. ज्युडिथ कॅपर आणि बाउमन यांनी २००९मध्ये अमेरिकेच्या १९४४ आणि २००७ या दोन वर्षांतल्या दुग्धव्यवसायाची तुलना केली. १९४४मध्ये २५६ लाख गायी ५३ अब्ज किलो दूध देत होत्या. २००७मध्ये ९२ लाख गायींनी ८४ अब्ज किलो दिले. तेवढ्याच दुधासाठी आता २३ टक्के खाद्य आणि १० टक्के जमीन पुरते, आणि कार्बनचा भार ३७ टक्क्यांवर आला आहे, असा त्यांचा हिशेब आहे. यामागचे तर्कशास्त्र वाटणीचेच आहे. गाय दूध देवो वा न देवो, तिच्या जगण्यापुरते खाद्य लागतेच. दूध जितके जास्त, तितका हा ठरलेला खर्च प्रत्येक लिटरवर कमी पडतो. गणित बरोबर आहे, पण ते महाराष्ट्रात जसेच्या तसे उतरत नाही. अमेरिकेत उत्पादनातून बाद झालेली गाय आणि नर वासरू कत्तलखान्याकडे जातात. इथे १९७६चा कायदा गायींना आणि २०१५मधली दुरुस्ती बैल व वळूंनाही संरक्षण देते, त्यामुळे भाकड आणि निरुपयोगी ठरलेल्या जनावरांच्या जगण्यापुरते खाद्य कोणीतरी घालतच राहते, मग तो शेतकरी असो, गोशाळा असो वा गावातला रस्ता. कायद्याच्या बऱ्यावाईटाचा वाद इथे नाही. पण ‘कमी गायींत जास्त दूध’ या घोषणेतला फायदा मोजताना हा खर्च वजा करावा लागतो, आणि तो वजा केला की भरमसाट दूध देणारी गाय आणण्यापेक्षा आहे त्या गायीची वेते वाढवणे, ती वेळेवर गाभण राहणे आणि तिचा भाकड काळ आटोक्यात ठेवणे हे इथे अधिक किफायतशीर ठरण्याची शक्यता दिसते. शास्त्र तेच राहते, उत्तर मात्र जागेनुसार बदलते.

हे सारे मान्य केले तर बदलायला हवे ते आपल्या सल्ल्याचे स्वरूप. आज खाद्याविषयीचा सल्ला बहुतेक वेळा ते विकणाराच देतो, आणि त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक पोते किंवा एक डबा असतो. संकलन केंद्राच्या यंत्रातून रोज फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांची) पावती निघते, पण ती भाव ठरवण्यापुरती वापरली जाते; त्यात सगळ्या गायींचे दूध एकत्र असल्याने कोणत्या गायीत काय बिघडले हे कळतही नाही. दूध संघांनी महिन्यातून एकदा जरी गायवार नमुने घेऊन फॅट आणि प्रथिने दोन्ही मोजून दिली, आणि ती गाय व्यायल्याला किती दिवस झाले याच्याशी ताडून पाहिली, तर दहाव्या दिवसाची चढी फॅट आणि शंभराव्या दिवसाची पडकी फॅट ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांना दोन वेगळे उपाय आहेत हे शेतकऱ्याला पोते घेण्याआधी समजेल. बाउमन यांच्या कामाचे मोल एखाद्या औषधात वा खाद्यात नाही. प्रश्नांचा क्रम त्यांनी बदलला, त्यात ते आहे: ही गाय वेताच्या कोणत्या टप्प्यावर आहे, तिच्या कोठीपोटात काय चालले आहे, तिला ऊन लागते का, हे आधी विचारायचे, खुराक किती, हे शेवटी. हा क्रम पाळायला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. फॅट पडली म्हणून तेल पाजणाऱ्या गोठ्यात तर तो पाळल्याने पहिल्या दिवसापासून पैसे वाचतात.